र. धों. कर्वे यांचं आयुष्य आणि हार्मोनच्या गोळीचा शरीरातला प्रवास

एरवी आपण इथे फोन, अ‍ॅप आणि प्रोसेसरबद्दल बोलतो. आज एका माणसाबद्दल बोलू. ते १९५३ साली वारले. स्मार्टफोन तर सोडाच, गर्भनिरोधक गोळीसुद्धा त्यांनी कधी पाहिली नाही. तरी माला-एन, पीसीओडीच्या गोळ्या, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या हे सगळं नीट समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात त्यांच्यापासून करावी असं मला वाटतं. त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

आधी माझा संबंध सांगते. मी मोर्शीची. शाळा इथेच झाली, इंजिनिअरिंग अमरावतीला, आणि आता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. मध्यंतरी पाळी अनियमित झाली म्हणून मला हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. रोज एकाच वेळी घे, एवढंच सांगितलं. का घ्यायच्या, आत गेल्यावर त्यांचं काय होतं, दुसरं औषध सुरू झालं तर काय करायचं, यातलं काहीच कुणी बोललं नाही. मेडिकलवाल्याने पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून हळूच पुढे सरकवलं. नवीन फोन घेतला तर आपण बॅटरीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळे स्पेसिफिकेशन वाचतो. इथे तर रोज पोटात जाणारी गोष्ट होती. मग मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता कर्व्यांपर्यंत पोचले.

मुरूडचा मुलगा

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. दापोलीजवळचं मुरूड, बरं का. वडील म्हणजे धोंडो केशव कर्वे, ज्यांना आपण महर्षी कर्वे म्हणून ओळखतो. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळी घरोघरी असं व्हायचं आणि लोक नशिबाला बोल लावून मोकळे व्हायचे. त्या एका मृत्यूनेच त्यांचं पुढचं आयुष्य ठरवलं असं मी म्हणणार नाही. पण बाळंतपण म्हणजे बाईच्या जिवाशी गाठ, हे त्या मुलाने पुस्तकात नाही तर घरात पाहिलं होतं.

दोन वर्षांनी वडिलांनी एका विधवेशी लग्न केलं. मुरूडने कुटुंबाला वाळीत टाकलं. म्हणजे समाजाच्या विरोधात गेलं की काय होतं, हेही रघुनाथने अकरा वर्षांच्या वयात बघून घेतलं.

मुलगा हुशार. १८९९ च्या मॅट्रिकला पहिला आला. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी.ए. झाला. विषय गणित. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. नोकरी पक्की होती, मान होता. वडिलांसारखंच शिक्षणाचं काम करत सरळ आयुष्य काढता आलं असतं.

पण त्यांना दुसराच प्रश्न पडला होता. वडील विधवांना शिकवत होते, त्यांची लग्नं लावून देत होते. रघुनाथरावांना वाटायचं, की बाईला मूल कधी हवं आणि हवं की नको, हे तिच्या हातात नसेल, तर बाकीचं स्वातंत्र्य अर्धवटच राहतं. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी स्वतःला मूल नको असं ठरवलं आणि ते पाळलं.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र उघडलं. भारतातलं हे पहिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी त्यांचा दवाखाना उघडला होता. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ मध्ये त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तक काढलं. ते उघडपणे बोलायला, लिहायला लागल्यावर कॉलेजच्या व्यवस्थापनाला ते झेपलं नाही आणि प्राध्यापकाची नोकरी गेली. घर चालवण्यात मालतीबाईंचा मोठा वाटा राहिला.

त्या केंद्रात तेव्हा काय मिळायचं? रबरी टोप्या, निरोध, शुक्राणू मारणारी रसायनं. सगळी साधनं बाहेरून अडवणारी. गोळी नव्हतीच, कारण गोळीत जे लागतं ते अजून कुणाला सापडलेलंच नव्हतं.

हार्मोन पहिल्यांदा सापडला तो लघवीत

कर्वे मुंबईत मासिक चालवत होते, त्याच वर्षांत तिकडे युरोप-अमेरिकेत दुसरी गोष्ट सुरू होती. १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट या दोघांनी वेगवेगळं काम करून इस्ट्रोन नावाचा स्त्री-हार्मोन शुद्ध रूपात मिळवला. कशातून? गरोदर बायकांच्या लघवीतून.

इथे जरा थांबा, कारण आपला पुढचा सगळा विषय यातच आहे. हार्मोन लघवीत का सापडला? कारण शरीर त्याला सतत बाहेर टाकत असतं. हार्मोन म्हणजे निरोप. निरोप पोचला की तो पुसायचा, नाहीतर जुना निरोप आणि नवा निरोप यांचा गोंधळ होईल. हे पुसायचं काम मुख्यतः लिव्हर, म्हणजे आपलं यकृत, करतं.

१९३४ मध्ये प्रोजेस्टेरॉन हा दुसरा महत्त्वाचा हार्मोनही शुद्ध रूपात मिळाला. तो बाहेरून दिला तर बीज सुटणं थांबतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. मग गोळी लगेच का नाही आली? कारण नैसर्गिक हार्मोन तोंडाने घेतला की लिव्हर तो खाऊनच टाकायचं.

लिव्हर नेमकं काय करतं

आपण गिळलेली गोळी थेट सगळ्या अंगात पोचत नाही. आतड्यात शोषली गेली की एका मोठ्या रक्तवाहिनीतून ती आधी लिव्हरकडे जाते. आमच्याकडून निघालेल्या संत्र्याच्या ट्रकला जसा वाटेत नाका लागतो, तसं. या नाक्यावर बराच माल उतरवून घेतला जातो. उरलेला पुढे जातो.

उतरवायचं काम दोन टप्प्यांत होतं.

पहिल्या टप्प्यात लिव्हरमधली एन्झाइम रेणूवर ऑक्सिजन बसवतात. हे काम करणाऱ्या एन्झाइमपैकी सगळ्यात महत्त्वाच्या एकाचं नाव सीवायपी-३ए-४. नाव एखाद्या वायफायच्या पासवर्डसारखं आहे खरं, पण लक्षात ठेवा. आपण घेतो त्या औषधांपैकी खूप सारी औषधं याच एन्झाइमकडून मोडली जातात. ते आतड्याच्या भिंतीतही असतं.

दुसऱ्या टप्प्यात त्या रेणूला सल्फेट किंवा ग्लुकुरोनिक आम्ल चिकटवलं जातं. मूळ हार्मोन तेलकट असतो, पाण्यात विरघळत नाही. हे शेपूट चिकटलं की तो पाण्यात विरघळतो आणि लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडतो. पित्तातून आतड्यात आलेल्या काही रेणूंचं शेपूट तिथले जिवाणू तोडतात आणि तो रेणू परत शोषला जातो. म्हणजे थोडा माल रिसायकलही होतो.

आता आकडे बघा. नैसर्गिक एस्ट्रॅडिऑल गिळलं तर साधारण ५ टक्केच मूळ रूपात रक्तात पोचतं. १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स इनहोफेन आणि वॉल्टर होलवेग यांनी एक युक्ती केली. एस्ट्रॅडिऑलच्या रेणूत १७ क्रमांकाच्या जागेवर त्यांनी दोन कार्बनचा छोटा तुकडा जोडला. लिव्हर ज्या ठिकाणी पहिला हात घालायचं, नेमकी तीच जागा अडवली. या नव्या रेणूचं नाव इथिनाइल एस्ट्रॅडिऑल. हा गिळला तर सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास पोचतो. आज माला-एनच्या पाकिटावर जे नाव वाचता ते हेच. म्हणजे १९३८ चा रेणू अजून आपल्या गावातल्या आशाताईंच्या पिशवीत आहे.

समाजस्वास्थ्य आणि कोर्ट

परत मुंबईत येऊ. जुलै १९२७ पासून कर्व्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक सुरू केलं. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक शिक्षण, स्त्री-पुरुष संबंध, अंधश्रद्धा, सगळे विषय त्यात असायचे. बाईलाही शरीरसुखाचा हक्क आहे, हे ते त्या काळी छापत होते. वाचक पत्राने प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ मराठीत उत्तर द्यायचे. जो प्रश्न घरी, शेजारी किंवा डॉक्टरलाही विचारता येत नाही, तो तिथे विचारता यायचा. आज आपण रात्री इन्कॉग्निटो टॅब उघडून जे शोधतो, तेच लोक तेव्हा पोस्टकार्डावर विचारत होते. फरक एवढाच, की तिकडून उत्तर देणारा माणूस नाव लावून लिहायचा आणि त्याची किंमतही मोजायचा.

किंमत म्हणजे खटले. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला, तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते स्वतः तेव्हा देशभर गाजलेले पुढारी होते, आणि असा बदनाम खटला घेऊन त्यांना राजकारणात काही फायदा होण्यासारखा नव्हता. तरी त्यांनी तो घेतला. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही, हा बचावाचा गाभा होता. खटला हरले. २०० रुपये दंड झाला. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूने ठराव आला, तोही आंबेडकरांच्या पक्षाकडून. तोही पडला.

कर्व्यांनी मासिक बंद केलं नाही. तोट्यात चालवलं, पण चालवलं. त्यांच्याबरोबर या कामात शकुंतला परांजपे यांच्यासारखी माणसंही आली आणि त्यांनी पुढे पुण्यात हे काम केलं.

विरोध फक्त कर्मठांचा होता असंही नाही. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर आपल्या विदर्भात, वर्ध्याला, गांधीजींना भेटायला आल्या होत्या. गांधीजींचं मत होतं की साधनं नकोत, संयम हवा. ते मत बदललं नाही. म्हणजे कर्व्यांच्या बाजूला ना सरकार होतं, ना धर्म, ना त्या काळचा सगळ्यात मोठा नेता.

फक्त दोन वर्षांचं अंतर

१५ ऑक्टोबर १९५१. मेक्सिको सिटीत सिंटेक्स नावाच्या कंपनीत लुईस मिरामोंतेस या तरुण केमिस्टने नॉरएथिस्टेरॉन तयार केलं. कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ यांच्या हाताखाली तो काम करत होता. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारा आणि गिळला तरी लिव्हरच्या नाक्यावर टिकणारा हा रेणू. यातही तीच १७ क्रमांकावरची युक्ती आहे.

नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईत कुटुंब नियोजनाची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सँगर आल्या. त्याच वर्षी भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या विषयासाठी कर्व्यांना दंड झाला होता, तो सरकारी धोरण झाला. जून १९५३ मध्ये सँगर अमेरिकेत ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाला भेटल्या, सोबत पैसा देणाऱ्या कॅथरीन मॅककॉर्मिक होत्या, आणि गोळीच्या कामाला जोर आला.

१४ ऑक्टोबर १९५३ ला रघुनाथराव कर्वे वारले. मिरामोंतेसच्या त्या दिवसाला दोन वर्षं व्हायला एक दिवस कमी होता. समाजस्वास्थ्यचा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. वडील महर्षी कर्वे त्यांच्यानंतर नऊ वर्षं जगले, त्यांना भारतरत्न मिळालं, तिकिटावर फोटो आला. मुलाला अमोल पालेकरांचा ध्यासपर्व येईपर्यंत, म्हणजे २००१ पर्यंत, बरेच लोक विसरूनच गेले होते.

मग गोळी आली, पण माहिती मागे राहिली

१९६० मध्ये अमेरिकेत एनोव्हिड ही पहिली गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली. तिची मोठी चाचणी १९५६ पासून पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांवर झाली होती. मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते असं त्या सांगत होत्या, पण ते फारसं मनावर घेतलं गेलं नाही. या प्रयोगाची पूर्ण कल्पनाही त्यांना दिलेली नव्हती.

एनोव्हिडमधलं एस्ट्रोजेन म्हणजे मेस्ट्रॅनॉल, एका गोळीत ०.१५ मिलिग्रॅम. मजा अशी, की मेस्ट्रॅनॉल स्वतः काहीच करत नाही. लिव्हर त्याचा एक तुकडा तोडतं आणि त्यातून इथिनाइल एस्ट्रॅडिऑल तयार होतं, तेव्हा कुठे काम सुरू होतं. झिप फाइल अनझिप केल्याशिवाय उघडत नाही ना, तसं. आजच्या माला-एन आणि माला-डी मध्ये इथिनाइल एस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आहे. डोस एवढा खाली आला आहे. पाकिटातल्या २८ पैकी २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या.

आता रोज एकाच वेळी का, ते बघू. गोळीतल्या हार्मोनचं रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायला साधारण अर्धा ते एक दिवस लागतो. प्रत्येकीचं लिव्हर वेगळ्या वेगाने चालतं, त्यामुळे एकच गोळी घेणाऱ्या दोघींच्या रक्तातल्या पातळीत कितीतरी पट फरक असू शकतो. डोस कमी ठेवलेला असल्यामुळे एक गोळी चुकली, त्यात वेगवान लिव्हर असलं, तर बॅटरी लाल रेषेखाली जाते. गोळी घेतल्यावर तीनेक तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात पूर्ण शोषलीच गेलेली नाही असं धरून दुसरी घ्यायची असते, तेही याचसाठी.

आता तीन गोष्टी सांगते. या तिन्ही ठिकाणी औषध चांगलंच असतं. कमी पडते ती माहिती.

एक: टी.बी.ची गोळी

टी.बी.च्या उपचारात रिफॅम्पिसिन असतं. साधा टी.बी. असेल तर साधारण सहा महिने. त्याने लघवी संत्र्याच्या रंगाची होते, हे आमच्याकडे बऱ्याच घरांत माहीत आहे. जे माहीत नाही ते असं: रिफॅम्पिसिन लिव्हरमधला एक स्विच चालू करतं आणि लिव्हर सीवायपी-३ए-४ जास्त बनवायला लागतं. काही फोनमध्ये बॅटरी सेव्हर इतका कडक असतो की बॅकग्राउंडची सगळी अ‍ॅप बंद करतो आणि मग अलार्मसुद्धा वाजत नाही. इथेही तेच होतं. माला-एन रोज वेळेवर घेतली तरी हार्मोन कामाला लागण्याआधीच मोडला जातो आणि गर्भ राहू शकतो.

यावर उपाय आहे. टी.बी.ची गोळी अजिबात बंद करायची नाही. ती जीव वाचवते. तेवढ्या काळात, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही पुढचे चार आठवडे, दुसरं साधन वापरायचं. निरोध आणि तांबी यांना लिव्हरशी देणंघेणं नाही. दर तीन महिन्यांनी मिळणाऱ्या अंतरा इंजेक्शनवरही याचा असा परिणाम होत नाही. फिट येण्यावरच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या गोळ्याही लिव्हरला असंच वेगवान करतात. तातडीची गोळी, जिला सगळे आय-पिल म्हणतात, तिच्यातलं लेव्होनॉर्जेस्ट्रेलही या औषधांमुळे कमी पडतं. सर्दी-तापाला मिळणाऱ्या अमॉक्सिसिलिनसारख्या साध्या अँटिबायोटिकने मात्र गोळी निकामी होत नाही. ती भीती जुनी आहे.

दोन: पाळी पुढे ढकलायची गोळी

महालक्ष्म्या आल्या, घरात लग्न आलं, की मेडिकलमध्ये या गोळीची मागणी वाढते. कुणी चिठ्ठी मागत नाही, कुणी काही विचारत नाही. ही गोळी बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉनची असते, मिरामोंतेसने बनवलेला तोच रेणू. साधारण ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा.

शरीर या नॉरएथिस्टेरॉनचा अगदी छोटा भाग, १ टक्क्याच्याही आत, इथिनाइल एस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतं. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाचे १५ मिलिग्रॅम पोटात जात असतील तर त्यातून तयार होणारं एस्ट्रोजेन एका गर्भनिरोधक गोळीत असतं तेवढ्याच्या आसपास जातं. पाकिटावर एस्ट्रोजेनचं नावही नाही, आणि अंगात मात्र ते आहे. म्हणजे जिला एस्ट्रोजेनची गोळी चालत नाही, तिने ही गोळीही विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

तीन: रक्ताची गुठळी

एस्ट्रोजेन का चालत नाही, तर इथिनाइल एस्ट्रॅडिऑल लिव्हरमध्ये सहज मोडत नाही, तिथेच जास्त वेळ टिकतं आणि रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवायला लिव्हरला भाग पाडतं. ज्या १७ क्रमांकाच्या युक्तीमुळे गोळी काम करते, त्याच युक्तीचा हा दुसरा परिणाम आहे. डोस वर्षानुवर्षं कमी करत आणला तो मुख्यतः यामुळेच.

घाबरून जायचं कारण नाही. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांपैकी वर्षाला साधारण २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलवाली गोळी घेणाऱ्यांमध्ये ५ ते ७ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका गोळीपेक्षा जास्त असतो. पण काहींनी ही गोळी घेऊच नये: आधी गुठळी झालेली असेल, डोळ्यांसमोर चमकणारी मायग्रेन असेल, बीपी वाढलेलं असेल, लिव्हरचा आजार असेल, नुकतंच बाळंतपण होऊन अंगावर पाजत असेल, किंवा पस्तिशीनंतर सिगारेट-बिडी सुरू असेल. एका पायाला अचानक सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, असं झालं तर सरळ दवाखाना गाठायचा.

आणि संत्र्याचं काय?

हे मी लिहिते आहे म्हटल्यावर मैत्रिणींनी हाच प्रश्न विचारला. इंग्रजी साइटवर लिहिलेलं असतं की या गोळ्यांबरोबर आंबट-गोड फळं नको. तिथे म्हणायचं असतं ते ग्रेपफ्रूटबद्दल. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि गोड संत्रं यांचा संकर. त्यातली काही रसायनं आतड्यातलं सीवायपी-३ए-४ बंद पाडतात, म्हणजे रिफॅम्पिसिनच्या बरोबर उलटं. मग हार्मोन कमी मोडतो आणि रक्तात थोडा जास्त पोचतो. पपनसातही ही रसायनं असतात. आपलं मोर्शी-वरूडचं नागपुरी संत्रं वेगळ्या जातीचं आहे आणि त्यात ती दखल घ्यावी इतकी नसतात. तेव्हा संत्री खुशाल खा.

कर्व्यांकडून काय घ्यायचं

कर्व्यांच्या काळात साधन मिळत नव्हतं आणि माहितीही मिळत नव्हती. आज साधन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. माहिती मात्र अजून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलीच येते. रिफॅम्पिसिन देणाऱ्याला माला-एनबद्दल विचारायची लाज वाटते आणि माला-एन घेणारीला सांगायची लाज वाटते. या दोन लाजांच्या मध्ये एखादीला नको असलेलं गर्भारपण येतं. या गोळ्यांच्या बाबतीत माहिती हा डोसचाच भाग आहे. ती मिळाली नाही तर ०.०३ मिलिग्रॅमचं गणित चुकतं. गणिताच्या या प्राध्यापकाने २६ वर्षं तीच माहिती सोप्या मराठीत छापली आणि त्यासाठी दोनदा दंड भरला.

आपल्याला दंड भरायचा नाही. फक्त एवढं करायचं: फोनच्या नोट्समध्ये आपण घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावं लिहून ठेवा, हार्मोनच्या गोळीसकट. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, दात दुखतो म्हणून गेलात तरी, ती यादी दाखवा आणि नवीन औषधाने जुन्यावर काही परिणाम होतो का ते विचारा. मुलांनो, तुम्हीही हे बायकोला, बहिणीला सांगा. हा विषय फक्त बायकांचा आहे असं कर्व्यांना कधी वाटलं नाही.

हा लेख माहितीसाठी आहे, गोळी सुरू किंवा बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच. लेख उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर टाका. कुणी काही म्हणालं, तर महर्षी कर्व्यांच्या थोरल्या मुलावर लिहिलेला लेख आहे म्हणून सांगा.